त्रेचाळीस जणांना उपयोगी

काशीराम मेस्त्रींनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला बिलियर्ड्सचा क्यू टेबलावर आडवा ठेवला, गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. दाखवायला म्हणून आणला होता, पण दाखवावा की नाही याचं त्यांच्या मनात काही नक्की होत नव्हतं. मग खुर्चीच्या अगदी कडेला बसून त्यांनी चष्मा पुसला.

"विनीतभाऊ, त्या रघुनाथाचा पत्ता हवा होता."

विनीतची बोटं कीबोर्डवरच राहिली, फक्त चालायची थांबली.

"कुठला रघुनाथ?"

"हेदवीचा. माज्या क्यूबद्दल लिवलान ना त्यानं? सुनेनं मोबाईलवर वाचून दाखवलान. बरोबर लिवलान हा. मी नवा केलाय. नेऊन देतो त्याला."

"गिऱ्हाइकाचा पत्ता देता येत नाही, मेस्त्री. नियम आहे."

नियम खरा होता. म्हणूनच तो तोंडातून इतक्या सहज बाहेर पडला. विनीतला स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं. इतका सरळ, इतका ऑफिसातला आवाज.

"नियम असेल तर राहू दे," काशीराम उठले. "हेदवी काय मुंबई नाय. जयगडवरनं फेरीबोटीनं पलीकडं गेलो की विचारत जाईन. रघुनाथ नावाचे असून असून असतील किती?"

किती असतील ते विनीतला पक्कं ठाऊक होतं. त्यांना हवा होता तसा एकही नव्हता. हेदवीच्या त्या रघुनाथाला विनीतने याच खुर्चीत बसून, दुपारचा चहा पिता पिता जन्माला घातलं होतं. हे सांगायला चार शब्द पुरले असते. ते न बोलता तो मेस्त्रींना जिन्यापर्यंत पोचवायला गेला, "सांभाळून जा" म्हणाला आणि परत येऊन बसला.

दर्शना सावंत यांचं हे दुकान म्हणजे साळवी स्टॉपजवळच्या एका इमारतीतल्या दोन खोल्या. एकीत माल, दुसरीत माणसं. बिलियर्ड्स आणि स्नूकरचं सगळं सामान इथून ऑनलाइन विकलं जाई: क्यू, खडू, चेंडूंचे संच, टेबलावरचं हिरवं कापड. रत्नागिरीत हा खेळ खेळणारे बोटांवर मोजण्याइतके, पण सामान इंदूरपासून कोइमतूरपर्यंत जायचं. त्यातला 'मालगुंड' नावाचा क्यू काशीरामांच्या हातचा. पुढची काठी बाहेरून यायची, मागचा जाड भाग शिसवीचा, आणि दोन्ही सांधणारा पितळी जोड बसवायचं काम त्यांचं. आयुष्यभर होड्यांची वल्ही केलेला माणूस. एक डोळा मिटून लाकूड डोळ्यासमोर धरलं की त्यांना त्यातला केसाएवढा बाक दिसे. क्यूच्या टोकाला ते तापल्या खिळ्याने बारीकसा 'का' उमटवत.

विनीत पुण्यात आठ वर्षं कंपन्यांच्या वेबसाइटी करून गावी परतला होता. परतलेल्या माणसाला आपण उगाच नाही परतलो हे चार लोकांना दाखवायचं असतं, तसं त्यालाही होतं. दर्शनाताईंनी त्याला काम दिलं ते अभिप्रायांचं.

"हे वाच," त्या म्हणाल्या होत्या. "पाच तारे, 'मस्त'. पाच तारे, 'पॅकिंग छान'. आणि हा बघ, 'अजून वापरला नाही पण चांगला वाटतो', पाच तारे. हा माणूस पंगतीत बसायच्या आधीच जेवण झकास म्हणत असेल. मला चांगले अभिप्राय नकोत, विनीत. उपयोगी हवेत."

विनीतने महिनाभर जीव ओतून काम केलं. ताऱ्यांना दुय्यम जागा दिली आणि चार प्रश्न वर आणले. पहिला प्रश्न त्याच्या विशेष अभिमानाचा होता: 'ही वस्तू तुम्ही स्वतः वापरली आहे का?' त्याला 'नाही' म्हटलं की पान नम्रपणे मिटत असे, 'धन्यवाद. वापरून झाल्यावर जरूर कळवा.' पुढे किती दिवस वापरली, काय आवडलं, काय खटकलं. आणि प्रत्येक अभिप्रायाखाली वाचणाऱ्यासाठी एक बटण, 'उपयोगी पडला'. जितक्या जणांनी दाबलं तितका तो अभिप्राय वर.

हे सगळं फोनवर कसं दिसतं ते बघायला नमुने लागतात. बहुतेक नमुने त्याने 'चाचणी एक', 'चाचणी दोन' असे आळशासारखे भरले. पण एक लांब, तक्रारीचा, मन लावून लिहिलेला नमुना हवा होता. यादीत पहिला क्यू 'मालगुंड' होता, म्हणून तोच उघडला. विनीतने उभ्या आयुष्यात क्यू हातात धरला नव्हता. तीन व्हिडिओ बघितले होते, एवढंच. त्यावर त्याने लिहिलं:

'तीन महिने रोज वापरतो. लाकूड आणि कारागिरी उत्तम. पण फटका मारल्यावर जोडाच्या मागे, साधारण चार बोटांवर, बारीक कंप जाणवतो. सुरुवातीला कळत नाही. अर्ध्या तासाने मनगटाला कळतो.'

वाचून तो स्वतःवरच खूश झाला होता. 'चार बोटांवर' हे तर त्याला फारच जमून आल्यासारखं वाटलं. नाव टाकायचं म्हणून रघुनाथ, आणि गाव म्हणून शाळेच्या सहलीत पाहिलेली हेदवी.

पान सुरू करायच्या दिवशी त्याने 'चाचणी' हा शब्द शोधून सगळे नमुने पुसले. रघुनाथाच्या नावात 'चाचणी' नव्हती. तो राहून गेला. इथपर्यंत ती चूक होती, आणि चूक कुणाच्याही हातून होते.

चौथ्या दिवशी विनीतला तो दिसला. सगळ्यात वर. नऊ जणांना उपयोगी. विनीतने तो पुसायला माऊस नेलाही होता. तेवढ्यात दर्शनाताईंनी हाक मारली, आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवला आणि पलीकडे खोकी बांधणाऱ्या वेदिकालाही बोलावलं.

"ऐका. याला म्हणतात अभिप्राय." त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं. "बघ वेदिका, आधी चांगलं सांगितलंय, मग खटकलं ते सांगितलंय, कुठे आणि कधी तेही सांगितलंय. विनीत, हे तुझ्या प्रश्नांमुळे झालं."

विनीत म्हणाला, "थँक्यू."

तो शब्द त्याला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिला, आणि आठवला की कान गरम होत. त्या दिवशी बोलणं सोपं होतं. हसण्यावारी गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते थोडं अवघड झालं. आठवड्याने अशक्य वाटू लागलं, कारण आता 'का सांगितलं नाहीस' या प्रश्नालाही उत्तर लागलं असतं, आणि ते उत्तर त्याच्यापाशी होतं. त्याला ती स्तुती आवडली होती.

आकडा वाढत गेला. नऊचे बावीस झाले. मग दोन गिऱ्हाइकांनी क्यू परत पाठवले. एकाने सोबत लिहिलं होतं, 'रघुनाथ म्हणतात तसाच कंप मलाही जाणवतो.' विनीतने ती ओळ पुन्हा वाचली. नसलेली गोष्ट एका माणसाच्या मनगटापर्यंत जाऊन पोचली होती.

काशीराम पत्ता विचारून गेले, त्याच संध्याकाळी दर्शनाताईंनी 'मालगुंड'वर 'सध्या उपलब्ध नाही' अशी पाटी लावली.

"मेस्त्रींना वाईट वाटेल," त्या म्हणाल्या. "मलाही वाटतंय. पण त्रेचाळीस जण सांगतायत."

"सांगतोय एकच," विनीत म्हणाला.

"आणि किती नीट सांगतोय."

विनीतने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

रविवारी सकाळी त्याने बाइक काढली. आरे-वारेच्या चढावर थांबून काय बोलायचं ते दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा त्यात 'नजरचुकीने' हा शब्द आला, आणि दोन्ही वेळा त्याला स्वतःची शिसारी आली.

मालगुंडला मेस्त्रींच्या अंगणात त्यांची बायको सगुणा सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"ते नायत. पयल्या बोटीनं हेदवीस गेले," ती म्हणाली. "बसा. दुपारपर्यंत येतील."

पडवीच्या एका अंगाला काशीरामांचं कामाचं बाक होतं. पंधरा फूट लांब, गुळगुळीत, एका सलग फळीचं. त्याच्याखाली शिसवीचे तुकडे रचून ठेवलेले. विनीतने एक उचलला. जोडापाशी सरळ करवतलेला, आणि टोकाला बारीक 'का'. दुसरा उचलला. त्यावरही होता.

"हे काय?"

"अकरा होते तयार," सगुणा सुपातून मान वर न करता म्हणाली. "सगळे कापलान. मी म्हटला, अवो विकत नसतील तर राहू देत, घरात काय खायाला मागतायत? तर म्हणतात, खोट हाय ती माझ्या नावानं कुणाच्या घरात नको." तिने एक खडा वेचून बाहेर टाकला. "तीन आठवडे झाले. रोज उठून त्या बाकावर चेंडू मारीत बसतात. आन मनगट चोळतात."

विनीतने ते दोन्ही तुकडे जागच्या जागी ठेवले. तिथून निघून जावं, बाइक सुरू करावी, थेट पुणं गाठावं असं त्याला वाटलं. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. बारा वाजता सगुणाने पान वाढलं. कुळथाची पिठी, भात, वर तळलेला बांगडा. नको म्हणायचं तोंड त्याला नव्हतं. खाली मान घालून तो जेवला, आणि ती म्हणाली, "लाजू नका, घ्या," तेव्हा त्याने निमूट आणखी भात घेतला.

काशीराम तीनच्या सुमारास आले. लुगड्यात गुंडाळलेला क्यू काखेत तसाच होता.

"अरे, विनीतभाऊ." ते खरोखर खूश झाले. "कवा आलाव? जेवलाव ना?"

"जेवलो. मेस्त्री, तुम्ही..."

"नाय भेटला." काशीरामांनी पायांवर पाणी घेतलं. "हेदवीत रघुनाथ दोनच. एक गेल्या शिमग्याच्या आधी वारला. दुसरा डोंबिवलीस असतो, त्याला हा खेळ ठावकच नाय. देवळापाशी विचारला, शाळेपाशी विचारला, बंदरावर जाऊन विचारला. आता बगा, माणूस तिथलाच असणार. पण पुढं येईना. मला वाटतं लाजला असेल."

"लाजला?"

"तक्रार केली म्हणून. कारागीर दारात आला तर कसा तोंड दाखवायचा, असा वाटला असेल त्याला. भला माणूस असेल, लिवण्यावरनंच कळतो. आधी चांगला बोललाय."

सगुणा पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. काशीराम पडवीच्या पायरीवर टेकले. त्यांच्या पायांना तांबडी धूळ होती, पाण्यानेही पुरती गेली नव्हती. विनीत उभाच राहिला.

"रघुनाथ कोणी नाही, मेस्त्री. ते मी लिहिलं."

काशीरामांनी कानामागे हात धरला. ऐकू आलं नव्हतं असं नाही.

"पान कसं दिसतं ते बघायला नमुना लिहिला होता. पुसायचा राहिला. मग दिसला, तरी पुसला नाही. सगळे चांगलं म्हणत होते, म्हणून नाही पुसला. क्यू मी कधी हातातसुद्धा धरलेला नाही. तुमच्या क्यूमध्ये काही खोट नाही."

त्यात 'नजरचुकीने' आलं नाही, एवढंच. समाधान मात्र काहीच वाटलं नाही. वाडीत कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. काशीराम ओरडतील, निदान हाकलून देतील, अशी विनीतला आशा होती.

"मग तो कंप?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी मनानं लिहिलं."

"पण मला लागतो." काशीरामांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं. "पयल्यांदा नव्हता लागत. सुनेनं वाचला त्या दिवशी नाय लागला. दोन दिवसांनी लागला. बरोबर चार बोटांवर."

"तुम्हाला वाटतंय, मेस्त्री. वाचलंत म्हणून वाटतंय."

"असेल." ते म्हणाले. "पण लागतो."

विनीतने तिथेच दर्शनाताईंना फोन लावला आणि काशीरामांच्या देखत तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते अधिक वाईट ऐकू येत होतं. पलीकडून त्या म्हणाल्या, "मेस्त्रींच्या क्यूवरची पाटी मी काढते. तू उद्या ये, बोलू," आणि फोन बंद झाला. 'विनीत' असं त्या म्हणाल्या नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं.

"मी ते आत्ता पुसतो," तो म्हणाला.

"पुसून?" काशीरामांनी मान हलवली. "त्रेचाळीस जणांनी वाचलेला हाय. ते काय पुन्ना बगायला येणार हायत, पुसलाय का म्हणून? तुमी लिवलाव, तर लिवा खाली. तुमच्या नावानं."

ते बरोबर होतं. विनीत बाकाला टेकून उभा राहिला आणि फोनवर 'मालगुंड'चं पान उघडलं. आपलं पूर्ण नाव घातलं, गाव रत्नागिरी घातलं. पुढे पहिला प्रश्न आला. 'ही वस्तू तुम्ही स्वतः वापरली आहे का?'

त्याने 'नाही' दाबलं.

'धन्यवाद. वापरून झाल्यावर जरूर कळवा.' पान मिटलं.

त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा तेच झालं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून मागच्या दाराने जाता आलं असतं. रघुनाथ त्याच दाराने आत आला होता. विनीत फोनकडे बघत राहिला.

"काय म्हणतो?" काशीरामांनी विचारलं.

"म्हणतो, आधी वापरा."

"कोण म्हणतो?"

"मीच," विनीत म्हणाला.

काशीराम पायरीवरून उठले. लुगड्याची गाठ सोडून त्यांनी हेदवीहून परत आलेला क्यू बाहेर काढला, सवयीने एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर फिरवली आणि विनीतच्या हातात दिला. कोनाड्यातून एक पांढरा आणि एक लाल चेंडू आणून बाकावर मांडले. विनीतने क्यू धरला तो झाडू धरावा तसा. काशीरामांनी त्याची बोटं सोडवून एकेक नीट बसवली, डावा हात फळीवर टेकवून दिला, कोपर किंचित वर केलं. त्यांचा तळवा खरखरीत होता आणि त्यात राग असलाच तर विनीतला तो ओळखता आला नाही.

"मारा."

विनीतने मारलं. पांढरा चेंडू लाल चेंडूला न लागताच बाकाच्या टोकापर्यंत गेला, तिथल्या पट्टीवर आपटला आणि निम्म्या वाटेवर येऊन थांबला.

"कंप लागला काय?"

विनीतला मनापासून 'नाही' म्हणायचं होतं. 'नाही' म्हटलं तर हा माणूस उद्या पुन्हा करवतीऐवजी रंधा हातात घेईल. त्याने मनगटाकडे लक्ष देऊन बघितलं. तिथे काहीतरी होतं. ती त्याची धडधड असेल, फटक्याचा हिसका असेल, किंवा जे तो स्वतःच लिहून बसला होता ते असेल.

"मला कळत नाही," तो म्हणाला.

काशीरामांनी चेंडू उचलून आणला आणि फळीवर होता त्याच जागी ठेवला. मग स्टूल ओढून ते बाकाच्या कडेला बसले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विनीतच्या हाताकडे बघू लागले.

"अर्ध्या तासानं कळतो, असा लिवलाव ना," ते म्हणाले. "मारा. मी बसलोय."